लई ग्वाड लागलं

“म्हणजे माझ्या घरात तुमच्या आईला पाणी मिळत न्हाई, असंच म्हणाला ना तुमचा भाऊ?”

“असं कुठं म्हणाला तो?”

“मग कसं म्हणाला? जसंच्या तसं सांगा.”

निवृत्ती अर्ध्या वाटी पाण्यावर दाढी करत होता. वाटी कलंडली तर दुसरी मिळणार नव्हती, त्यामुळं त्याला ना हातवारे करता येत होते, ना उठून जाता येत होतं. पंचशीलानं भांडणाची वेळ बरोबर साधली होती.

“पाऊस पडेस्तोवर आईला नांदेडला धाडा म्हणाला लिंबाजी. त्यांच्या अपार्टमेंटच्या बोअरला पाणी हाय. लातूरचं रोज टीव्हीवर दाखवायलेत, ते बघून त्याला काळजी वाटायली.”

“तेवीस वर्षं आत्या माझ्याजवळ हायत. तवा न्हाई वाटली. टीव्हीवर बघून वाटायली.”

“आपल्यालाबी बोलावलंय रविवारी. आईला पंच्याहत्तर पुरी झाली म्हणून हाटेलात जेवण ठेवलंय.”

“पंच्याहत्तर कुणी मोजली?”

“सिंधूनं. रेशनकार्डावरनं.”

हे ऐकून पंचशीलाचा चेहरा असा झाला, की निवृत्तीनं वस्तरा गालावरच थांबवला. मग विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, “आमच्या हापिसात आता निस्तं उदगीरचंच चाललंय. नवा जिल्हा करणार म्हणायलेत. झाला तर माझी बदली तिकडंच होती बघ.”

“जिल्हा कुठंबी होऊ द्या. नळाला पाणी येतंय का, ते बोला.”

आतल्या खोलीतून कोंडाबाईचा आवाज आला, “टँकर आला का गं?”

“न्हाई आत्या. टँकर न्हाई, तुमच्या धाकट्या सुनंचा निरोप आलाय.”

पंचशीलाला लातूरच्या त्या गल्लीत नावानं फार लोक ओळखत नसत. ‘डबेवाली बाई’ म्हटलं की क्लासला आलेली परगावची पोरं बरोबर दारात येऊन उभी राहत. सकाळी चौदा डबे, संध्याकाळी चौदा डबे, असं तिचं नऊ वर्षं चाललं होतं. पोरांना काय आवडतं आणि परीक्षेच्या दिवसांत काय पचतं, हे तिला ठाऊक होतं. जिरं जळलं की तिला अंगणातून वास यायचा. पोळीचा घास मोडताना कणीक किती वेळ भिजली होती, ते ती सांगायची. पण डबा चांगला झाला तर तो रिकामा परत येतो, याच्यापलीकडं नऊ वर्षांत तिला कुणी काही दिलं नाही. पोरं डॉक्टर व्हायला पुढं निघून जात. पेढे क्लासच्या सरांना देत.

यंदा एप्रिल लागला तशी क्लासवाल्यांनी पोरांना घरी लावून दिलं. शहरात प्यायला पाणी नव्हतं, ते रेल्वेनं येत होतं. गल्लीत टँकर बारा-तेरा दिवसांनी यायचा. चौदाचे चौदा डबे एकात एक घालून फळीवर ठेवले आणि पंचशीलाच्या हाताला काम उरलं नाही. रिकामा हात मोबाइलकडं जातो. आणि मोबाइलमध्ये सिंधू होती.

सिंधू तिची जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर इथंच, याच घरात होती. तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती, काठ फाटायचे. पीठ गरम पाण्यात मळायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचं, हे सगळं पंचशीलानं शिकवलं. आता तीच सिंधू नांदेडात ‘सिंधूची चव’ नावाचं पान चालवत होती. दर आठवड्याला नव्या हॉटेलात जायचं, ताटाचे फोटो काढायचे आणि चव, सजावट, सेवा यांना वेगवेगळे तारे द्यायचे. एक हॉटेल तुरुंगाचं. वेटर कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात, अन्‌ गिऱ्हाईक गजाआड बसून पनीर खाणार. एक रेल्वेचं. तिथं खेळण्यातली गाडी शिट्टी मारत टेबलापर्यंत भाजी आणणार. सिंधू लिहायची, “बेसन घोटलेलं नाही, नुसतं ढवळलेलं आहे.” त्याच्याखाली तीनशे-चारशे अंगठे.

बेसन घोटतात आणि ढवळतात यात फरक असतो, हे वाक्य पंचशीलाचं होतं. याच स्वयंपाकघरात, याच ओट्याशी सिंधूला सांगितलेलं. ती सिंधूचा शब्दन्‌शब्द तीनतीनदा वाचायची आणि आपला अंगठा मात्र कधीच द्यायची नाही. मोबाइल बाजूला ठेवला की फळीवरचे कोरडे डबे उतरवून ती ते पुन्हा पुसायची.

आणि आता सिंधूला सासूही पाहिजे होती.

कोंडाबाई काही फार गोड सासू नव्हती. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तिच्या नवऱ्याला कलेक्टर कचेरीत शिपायाची जागा मिळाली, म्हणून नायगावजवळचं गाव सोडून ती दोन पोरं घेऊन इथं आली. नवरा गेला, निवृत्ती कचेरीला लागला, लिंबाजी बँकेत. कोंडाबाई पहिल्यापासून मोजकं बोलणारी. पंचशीला रोज पहिला घास तिच्या ताटात वाढायची आणि तिच्या तोंडाकडं बघत उभी राहायची. कोंडाबाई चावायची, गिळायची आणि म्हणायची, “बरं झालंय.” पुरणाची पोळी असो की नुसतं पिठलं, बरं झालंय. त्याच्यापुढं तेवीस वर्षांत एक शब्द नाही. तरी डब्यांची भाजी तिनं चाखल्याशिवाय पंचशीला झाकण लावत नसे. ही म्हातारी नांदेडला गेली तर लोक काय म्हणतील, हे तर होतंच. थोरलीला सासूपुरतं पाणी झालं नाही म्हणतील. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. एकदा गेली की ती परत येणार नाही, आणि मग आपण भाजी कुणाच्या तोंडाकडं बघत करायची?

रविवारी तिघं सकाळच्या एसटीनं निघाली. अहमदपूरला चहा झाला, लोह्याला कोंडाबाईच्या पायाला मुंग्या आल्या. तिच्या मांडीवर पाच लिटरचा रिकामा कॅन होता. “तिथं पाणी हाय म्हणतेत, भरून आणू,” म्हणाली. पंचशीलाला लाज वाटली, पण पिशवीत आपणही दोन बाटल्या घातल्यात, हे तिनं सांगितलं नाही.

हॉटेलचं नाव ‘आपलं शिवार’. नांदेडच्या बाहेर रस्त्याला लागून मोठी जागा. दारात बैलगाडी, गाडीला सिमेंटचे बैल. कुडाच्या भिंतीवर शेणानं सारवल्याचा रंग. धोतर-फेट्यातले वेटर. आणि मधोमध विहीर. गोल कठडा, वर लाकडी रहाट, आणि एका बाजूनं पाणी सारखं खाली पडत होतं. ते पाणी पुन्हा वर जायचं, पुन्हा पडायचं. तिघं लातूरकर दारातच थांबली आणि पडणारं पाणी बघत राहिली.

“मोटरीवर हाय. तेच तेच पाणी फिरतंय,” निवृत्ती हळूच म्हणाला.

“जय भीम ताई, जय भीम भाऊजी,” म्हणत सिंधू आली. अंगावर इरकल, केसांत चाफा. सासूच्या पाया पडून म्हणाली, “आई, किती वाळलात.” पंचशीला सासूला आत्या म्हणायची, ही आई. आणि ‘वाळलात’ हे कुणाला होतं, ते सगळ्यांना कळलं. लिंबाजीनं आईचा हात धरला, तेवढ्यात एक वेटर कमरेत वाकून म्हणाला, “या पाटील. या पाटलीणबाई. या, शिवारात या.”

कोंडाबाईनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“मला म्हणायलास का रं बाबा?”

“हो पाटलीणबाई. आमच्याकडं सगळे पाटीलच.”

“बरं हाय,” म्हणाली कोंडाबाई. “आमच्या गावात एकच होता.”

बसायला चौरंग आणि खाली पाट. कोंडाबाईचे गुडघे काही वाकेनात. लिंबाजीनं खुर्ची मागितली, तर वेटर म्हणाला, “साहेब, खुर्ची थीममध्ये बसत न्हाई.”

“मग आत्या कशात बसतेत ते बघा,” पंचशीला म्हणाली. शेवटी मॅनेजरच्या खोलीतून लाल प्लास्टिकची खुर्ची आली. सगळे खाली पाटावर आणि कोंडाबाई मधोमध खुर्चीत, खरंच पाटलीण असल्यासारखी. सेवेला इथंच दोन तारे कमी, पंचशीलानं मनाशी धरलं. तिला बरं वाटायला लागलं होतं. तिला वाईट हॉटेल पाहिजे होतं, आणि ते मिळण्याची चिन्हं दिसत होती.

सिंधू म्हणाली, “जेवण यायच्या आधी आईंचा एक फोटो घेते, रहाटावर.” म्हातारीला उठवून कठड्याशी उभं केलं, हातात दोर दिला. “ओढा आई. हसा.”

कोंडाबाईनं दोर ओढला. बादली वर आली. खरं पाणी होतं तिच्यात. ती हसली नाही. बादली कठड्यावर ठेवून तिनं आत हात बुडवला आणि तसाच ठेवला.

“आमी खाली पायऱ्यापाशी उभं ऱ्हायचो,” ती म्हणाली. “कुणी येतंय का बघत. आलं तर वरून वतायचे. दोर न्हाई धरला कधी.”

लिंबाजी फेट्यातल्या वेटरकडं बघायला लागला, निवृत्ती चपलेकडं. सिंधूनं मोबाइल खाली केला, मग परत वर धरला आणि म्हणाली, “आई, एक अजून. हात बादलीतच असू द्या.” पंचशीलाला तिचा राग आला. आणि तो फोटो चांगला येणार, हे कळून आणखी राग आला.

ताटं आली. पितळी, चकचकीत. ज्वारीची भाकरी, ठेचा, भरली वांगी, पिठलं, येसरची आमटी. येसर म्हणजे धान्य, डाळी, धने, खोबरं भाजून दळलेली पूड. हिकडं लग्नाच्या पंगतीत तिची आमटी लागतेच. कोंडाबाईच्या हातचं येसर पंचशीलाच्या हातात आलं होतं, आणि त्यात तिला कुणी हरवलेलं नव्हतं.

तिनं एक भुरका मारला आणि सुखावली.

“काय गं ताई?” सिंधूनं विचारलं. मोबाइल मांडीवर तयार होता.

“येसर तेलात पडलंच न्हाई. पाण्यात कालवून उकळलंय. वास सुटंस्तोवर परतावं लागतं.”

सिंधूचे अंगठे चालले.

“वांगी चांगली हायत, पण मसाला वरून लावलाय, आत भरला न्हाई. ठेचा मिक्सरमधला. मिरचीचं बी अख्खं ऱ्हायलं पाहिजे, हितं निस्ता लगदा.”

अंगठे चालतच होते. तिसऱ्या वाक्याला पंचशीलाच्या लक्षात आलं, की आपण बोलतोय आणि ती लिहितेय. घास तोंडातच राहिला. आता थांबावं तर सिंधू काही तरी चुकीचं लिहील, आणि बोलावं तर आपलंच तिच्या नावानं छापलं जाईल. तिनं तोंड मिटून घेतलं. पण पिठल्याला लसूण कच्चा लागत होता, आणि ते सांगितल्याशिवाय तिला राहवेना. तिनं तेही सांगितलं.

मालक स्वतः आले. माणिकप्पा म्हणून, उदगीरकडचे, बोलण्यात कानडी हेल. सिंधूपुढं हात जोडून म्हणाले, “मॅडम, काही कमी-जास्त?”

“छान आहे सगळं,” सिंधू म्हणाली. “येसर जरा परतून घ्यायला सांगा.”

“बरोबर, बरोबर. मॅडमची जीभ म्हणजे काय!” माणिकप्पांनी निवृत्तीकडं बघून कौतुकानं मान हलवली. मग कोंडाबाईला विचारलं, “अन्‌ आजी, तुम्हाला?”

कोंडाबाई त्या क्षणी तांब्याचा पेला उतरवत होती. तिसरा पेला. पदरानं तोंड पुसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, “लई ग्वाड लागलं.”

पंचशीलाच्या हातातली भाकरी ताटात पडली.

तेवीस वर्षं. पुरणपोळी, धपाटी, ताप आला तेव्हा मऊ भात, दात गेले तेव्हा दुधात कुस्करलेली भाकरी. बरं झालंय. आणि ह्या उकळलेल्या पाण्याला लई ग्वाड. तिनं ताट पुढं सरकवलं. सिंधू खुदकन हसून लिहीत होती.

उठायच्या वेळी आणखी एक झालं. कोंडाबाईनं कॅनचं झाकण उघडलं आणि आपल्या पेल्यातलं उरलेलं पाणी आत ओतलं. मग निवृत्तीच्या पेल्यातलं. सिंधू पुटपुटली, “आई, राहू द्या, लोक बघायलेत.” मग तिची नजर पंचशीलाकडं गेली. पंचशीलानं न बघताच सगळ्यांच्या हात धुवायच्या वाट्या एकामागून एक घेऊन, लिंबाच्या फोडी काढून, पाणी एका तांब्यात जमवलं होतं. घरी कढीपत्त्याच्या झाडाला घालायला जमवते तसं. तिच्या हातांना हे सवयीनं झालं होतं. सिंधूनं तिच्याकडं जसं बघितलं, तसं एखाद्या गरीब पाहुणीकडं बघतात.

“आई हितंच राहू दे आता,” लिंबाजी दारात म्हणाला. कोंडाबाई म्हणाली, “कपडे न्हाईत. लातूरला जाते, मग सांगते.” एसटीत ती हॉटेलच्या नळावर भरून घेतलेला कॅन पोटाशी धरून झोपली. पंचशीला खिडकीतून बघत होती, पण रस्त्याकडेची वाळलेली तुराटीही तिला दिसत नव्हती.

सोमवारी सकाळी सिंधूचं लिहिणं आलं होतं. विहिरीवरचा फोटो, हात बादलीत. खरंच चांगला. दुसरा फोटो जेवणाच्या पंगतीचा. त्यात डाव्या कडेला एक कोपर आणि चार हिरव्या बांगड्या दिसत होत्या. तेवढीच पंचशीला. खाली येसर, वांगी, ठेचा, कच्चा लसूण, तिचं एकेक वाक्य ओळीनं. आणि शेवटी: “पण खरा निकाल माझ्या सासूबाईंचा. त्या म्हणाल्या, लई ग्वाड लागलं. चवीला साडेचार तारे.” सातशे अंगठे. एका बाईनं लिहिलं होतं, अशी सून सगळ्यांना मिळो.

तो कोंडाबाईच्या अंघोळीचा दिवस होता. तीन दिवसांनी एकदा, अर्धी बादली. म्हातारीला मोठ्या घमेल्यात स्टूल ठेवून बसवायचं, म्हणजे अंगावरचं पाणी वाया न जाता संडासात टाकायला होतं. पंचशीला तांब्या-तांब्यानं पाणी घालत होती.

“आत्या, एक इचारू?”

“इचार की.”

“काल तुमी हाटेलात लई ग्वाड लागलं म्हणलात.”

“हाव.”

“माझ्या हातचं तेवीस वर्षं खायलाव. कधी एकदा म्हणलात?”

कोंडाबाईनं साबण लागलेले डोळे उघडले, परत मिटले. “आमटीला कोण ग्वाड म्हणंल? आमटी ती. अन्‌ काय आमटी होती का ती? पिठाळ पाणी निस्तं.”

“मग ग्वाड काय लागलं?”

“पाणी.”

पंचशीलाचा तांब्या हवेतच थांबला.

“टँकरच्या पाण्याला गंजाचा वास येतो,” कोंडाबाई म्हणाली. “चार म्हैन्यांत पयल्यांदा पाणी ग्वाड लागलं. तीन पेले पिले. त्या मालकानं पाण्याचंच इचारलं मला वाटलं. पेला तर हातात होता.”

“मग सिंधूला सांगायचं न्हाई का?”

“तिनं इचारलं का? ती लिवत बसली होती.”

पंचशीला हसली. कितीतरी दिवसांनी. सातशे लोकांनी पाण्याच्या पेल्याला अंगठे दिले होते. आत्ता उठून ओल्या हातानं लिहावं, ‘त्या पाण्याला म्हणाल्या’, एवढंच, आणि खाली आपलं नाव. ती मनात तीनतीनदा ते लिहून बघत होती. तिनं उरलेलं पाणी सासूच्या खांद्यावर मोठ्या मनानं एकदम ओतलं.

“मग आता नांदेडचं काढू नका आत्या.”

“काढू नका काय? जाते मी.”

“आमटी पिठाळ म्हणलात ना?”

“येसर तुझंच गं. ते मला ठावं न्हाई का? पण येसर काय अंगावर घेता येतंय?” कोंडाबाईनं पांढऱ्या केसांचा चिकट झालेला अंबाडा दाखवला. “डोक्यावरनं न्हायचंय मला. दोन बादल्या. बेजार झाले तांब्यानं न्हाऊन. मृग निघाला, पाऊस लागला की बघू.”

पंचशीला बादलीच्या तळाकडं बघत राहिली. तिला नांदेडचं घर दिसत होतं. डोक्यावरून न्हालेली, केस मोकळे सोडून बसलेली म्हातारी, हातात गोड्या पाण्याचा पेला. समोर सिंधू, ताट आणि मोबाइल. कसं लागलं आई? आणि तेव्हा म्हातारीच्या तोंडून काय निघेल? न्हालेल्या माणसाला सगळंच ग्वाड लागतं. पेला कुठला आणि ताट कुठलं, हे तिथं कोण निवडत बसणार होतं?

तिनं सासूला पुसून, लुगडं नेसवून बाहेर आणलं. घमेलं उचलून संडासाशी ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचा येसरचा डबा काढला, हलवून बघितला, झाकण घट्ट केलं आणि पिशवीत घातला. भाकरीचा तवा घ्यावा का, असा जरा विचार केला आणि तोही घेतला.

निवृत्ती वाटीत ब्रश बुडवत होता.

“आत्या नांदेडला जातेत,” ती म्हणाली. “मी बी जायलेय संगं, मृग निघंस्तोवर. टँकर आला की तुमी ड्रम भरून घ्या. अन्‌ सिंधूला फोन करून सांगा, उद्यापासनं तिच्या घरात सैपाक मी करणार हाय.”